मे महिन्यातलं मांडव

पहिला पाऊस पडून गेला की इंदूरहून मांडवकडे, म्हणजे मांडूच्या किल्ल्याकडे, गाड्यांची रांग लागते, आणि शनिवार-रविवारी तर विचारूच नका. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघायचं, धारवरून नाहीतर मानपूरकडून, शंभरेक किलोमीटरचा तर रस्ता, अकराच्या आत जहाज महालासमोर. सगळं हिरवंगार, तलाव काठोकाठ, दरीत ढग उतरलेले, मोबाइल कुठेही धरा, फोटो चांगलाच येणार. हे सुख मी पण भरपूर घेतलंय आणि पुढेही घेणार आहे. पण मांडव मला खरं कळलं ते मे महिन्यात, तलाव तळाला गेलेले असताना, आणि तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत सुटलेय की बाबांनो, एकदा तरी उन्हाळ्यात जा.

लोक म्हणतात मे मध्ये तिथे आहे काय? ऊन, धूळ, पिवळं गवत, तळाशी थोडं शेवाळलेलं पाणी आणि भेगाळलेली काळी माती. अगदी बरोबर, आणि तेच तर बघायचं असतं. पाणी उतरलं की तलावाच्या आतल्या पायऱ्या दिसायला लागतात, पाणी आत यायच्या वाटा दिसतात, दगडातून कोरून काढलेल्या नाल्या, भिंतीतून बाहेर आलेले पन्हळ, आणि भिंतींवर एकाखाली एक उमटलेल्या पाण्याच्या रेषा, म्हणजे कोणत्या महिन्यात पाणी कुठवर होतं त्याची नोंदच जणू. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली किंवा गवताखाली गेलेलं असतं. आणि या गोष्टी नीट बघितल्याशिवाय तो अख्खा डोंगर, त्यावरची माळव्याच्या सुलतानांची राजधानी, ते महाल, काहीच समजत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण मुळात ती जागा बघा. माळव्याचं पठार दक्षिणेकडे येत येत एकदम संपतं, विंध्याचा कडा तुटतो आणि खाली निमाड, त्याच्यापलीकडे नर्मदा. मांडव त्या तुटलेल्या कडेवर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ६३३ मीटरवर, आणि काकडा खोहच्या खोल दरीने ते उरलेल्या माळव्यापासून पण तोडलेलं आहे. किल्ला करायला याच्याइतकी चांगली जागा नाही. पण वर नदी नाही! एकही नाही. खाली दगड आहे तो बेसॉल्ट, दख्खनचा तोच काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, ज्यात पाणी मुरतं ते फक्त भेगांमधून आणि सच्छिद्र थरांमधून, म्हणजे विहीर खणली तर लागेल की नाही हे नशिबावर. आकाशातून चार महिने जे पडेल तेवढंच तुमचं. आमच्याकडे म्हणतात ना, ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’, ती म्हण पठाराच्या मधल्या काळ्या जमिनीसाठी ठीक आहे, कडेवरच्या मांडवला ती लागू होत नाही. तिथे पग पग नीर हवं असेल तर ते माणसालाच अडवून ठेवावं लागतं.

हे बघायची नजर मला बाबांमुळे आली. बाबा पी.एच.ई. मधून, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यातून, रिटायर झाले, आयुष्यभर पाइप, पंप, टाक्या आणि लेव्हल. कुठल्याही देवळात, किल्ल्यात, वाड्यात नेलं की सगळे कमानी आणि नक्षी बघत असतात आणि बाबा खाली वाकून जमिनीचा उतार बघत असतात. आई वैतागते, “अहो, इथे तरी वर बघा जरा,” पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “इथे पाणी कुठून यायचं?” लहानपणी मला हे कंटाळवाणं वाटायचं. कॅमेरा हातात आल्यावर लक्षात आलं की या एका प्रश्नामुळे कुठे उभं राहायचं हे आपोआप ठरतं. पाणी येण्याच्या वाटेवर उभं राहिलं की वास्तू तिच्या जमिनीसकट फ्रेममध्ये येते, नाहीतर पोस्टकार्डासारखी नुसतीच उभी दिसते.

जहाज महालच घ्या. सुमारे १२० मीटर लांब आणि रुंदीला त्या मानाने अगदी अरुंद, दोन तलावांच्या मधे, पश्चिमेला मुंज तलाव आणि पूर्वेला कपूर तलाव. बांधला ग्यासुद्दीन खिलजीच्या काळात असं मानतात, त्याचं राज्य १४६९ ते १५००. गाइड लोक त्याच्या जनानखान्याच्या गोष्टी सांगतात, हजारो स्त्रियांचा आकडा सांगतात, पर्यटक हसतात, पुढे जातात. पण मुंज तलावाचं नाव ज्या मुंज राजाशी जोडलेलं आहे तो परमार घराण्यातला, दहाव्या शतकातला, म्हणजे भोज राजाचा काका. म्हणजे तलाव आधीचा आणि महाल त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी! राज्यं बदलली, धर्म बदलला, भाषा बदलली, पण ज्याने नंतर महाल बांधला तो जुन्या पाण्याच्या काठावरच येऊन बसला. मला हा इतिहास जनानखान्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि त्याचा फोटो काढता येतो. मुंज तलावाच्या बाजूने खालून, पाणी उतरल्यावर दिसणाऱ्या पायऱ्या पुढे घेऊन आणि महाल मागे ठेवून.

गच्चीवर एक पाण्याची नाली आहे, सरळ न जाता गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल फिरत जाणारी. बऱ्याच लोकांच्या रीलमध्ये ती असते, वरून घेतलेली, छान दिसते म्हणून. मी पण तशीच घेतली होती. मग एकदा जूनच्या शेवटी आम्ही वर असताना पाऊस आला, सगळे पळाले, आम्ही छत्रीखाली (म्हणजे गच्चीवरच्या दगडी छत्रीखाली) थांबलो, आणि बाबा म्हणाले,

“अगं, आता बघ. ही सरळ का नाही काढली सांग.”

“दिसायला चांगली म्हणून?”

“दिसायला चांगली आहेच. पण सरळ असती तर पाणी धावत गेलं असतं आणि सगळी माती हौदात घेऊन गेलं असतं. वळणावर पाणी हळू होतं बेटा, जड माती खाली बसते. आम्ही प्लँटवर सेटलिंग टँक बांधायचो ना, त्याच्याच नात्यातलं आहे हे.”

मी कॅमेरा पोटाशी धरून पावसात गेले आणि नालीपाशी उकिडवी बसले. पहिलं पाणी आलं ते चहाच्या रंगाचं, त्यात कडुनिंबाची वाळकी पानं, पाखरांची पिसं, गच्चीवरची बारीक वाळू. पहिल्या वळणाला पानं आतल्या कडेला चिकटली आणि तिथेच राहिली. दुसऱ्या वळणाला वाळूची एक बारीक पट्टी तयार व्हायला लागली, आधी केसाएवढी, मग बोटाएवढी, प्रत्येक वळणाच्या आतल्या बाजूला एकेक, आणि मधल्या गोलात येईपर्यंत पाण्याचा रंग खरंच फिका झालेला. पाचशे वर्षांपूर्वीच्या कोणा गवंड्याने ठरवलेलं काम माझ्यासमोर चालू होतं, न कोणी चालवता, न कोणी बघता. मॅक्रो लेन्स नव्हती जवळ, ५० मिमीची साधी लेन्स होती, तिनेच जेवढ्या जवळ जाता येईल तेवढी गेले. त्या फोटोत ना महाल दिसतो ना तलाव, फक्त ओला दगड, वाळूची वाकडी पट्टी आणि एक पान. माझ्या सगळ्या मांडवच्या फोटोंमध्ये मला तोच सगळ्यात प्रिय आहे.

एका मासिकाला मी हा फोटो आणि मे महिन्यातल्या तलावाचे दोन-तीन पाठवले होते. उत्तर आलं, छान आहेत पण थोडे हिरवे असतील तर पाठवा. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. राग त्या एका मासिकाचा नव्हे, आपण प्रवासाच्या फोटोकडून एवढंच मागतो याचा. जागा तिच्या सगळ्यात सुंदर दिवशी कशी दिसते तेवढंच दाखवायचं, आणि उरलेले नऊ-दहा महिने तिथे माणसं कशी जगली असतील त्याच्याकडे पाठ. मांडवला राजधानी होती. शिकारीचा बंगला किंवा पावसाळी पिकनिकची जागा नव्हती ती, फौज होती, घोडे होते, हत्ती होते, बाजार होता, आणि या सगळ्यांना मे महिन्यात पण तहान लागत होती.

याचा पुरावा पण आहे, आणि तो एकाच वर्षातला आहे म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. १६१७ साली जहांगीर बादशहा मांडवला येऊन राहिला, मार्च ते ऑक्टोबर. त्याच्याबरोबर इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, सर टॉमस रो पण होता. जहांगीरने आपल्या आठवणींत मांडवच्या पावसाळ्याची इतकी तारीफ केलीय की वाचताना आपण आत्ताच गाडी काढावी असं वाटतं, हवा कशी, हिरवळ कशी, रात्री पांघरूण घ्यावं लागतं वगैरे. शब-ए-बारातच्या रात्री तलावांच्या मधे असलेल्या नूरजहाँच्या महालात मेजवानी झाली आणि तलावांच्या सभोवती दिवे लावले, त्यांची प्रतिबिंबं पाण्यात पडली, ते पण त्याने लिहून ठेवलंय. आता रोची रोजनिशी बघा. पावसाच्या आधीचे महिने, आणि तो पाण्याची टंचाई लिहितो. एवढी मोठी छावणी डोंगरावर आली, विहिरी आणि झरे बड्या लोकांनी वाटून घेतले, गरिबांचे हाल, आणि परदेशी वकिलाला पण एका सरदाराच्या मेहरबानीने रोजचं मोजकं पाणी मिळायचं. डोंगर तोच, वर्ष तेच, फरक फक्त महिन्यांचा आणि कोण लिहितंय याचा. आपण सगळे फोटोवाले जहांगीरच्या बाजूने उभे आहोत, दिव्यांची प्रतिबिंबं टिपत. रोच्या बाजूचा एक तरी फोटो पाहिजे की नाही?

आणि पाण्याची किंमत काय होती ते मांडवच्या सुलतानांना नक्की माहीत होतं. होशंगशहा, ज्याची संगमरवरी कबर बघायला शहाजहानचे वास्तुकार १६५९ मध्ये मुद्दाम आले आणि दाराशी तसा शिलालेख लावून गेले, त्याच होशंगशहाबद्दल भोपाळजवळ भोजपूरच्या बाजूला एक कथा सांगतात. भोज राजाने तिथे प्रचंड तलाव बांधला होता आणि होशंगशहाने त्याचा बांध फोडला. बांध फोडायला फौजेला तीन महिने लागले, पाणी वाहून जायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्यालायक व्हायला तीस वर्षं, असं लोक सांगतात. तीन, तीन आणि तीस, हे आकडे कथेतले आहेत, पण त्या भल्यामोठ्या दगडी बांधाचे अवशेष आजही तिथे आहेत आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की कथा खोटी वाटत नाही. एकीकडे पाणी साठवून राजधानी वसवणारा आणि दुसरीकडे पाणी सोडून मुलूख मोकळा करणारा, एकच माणूस.

रूपमतीच्या मंडपाकडे मात्र मी सगळ्यांसारखीच संध्याकाळी जाते, कारण तिथून निमाड दिसतो तो बघितल्याशिवाय मांडवहून परतता येत नाही. अगदी दक्षिणेच्या कड्यावर, खाली सरळ उतार, आणि हवा स्वच्छ असेल तर लांब क्षितिजापाशी नर्मदेची चंदेरी रेघ. राणी रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवत नसे म्हणून माळव्याचा शेवटचा सुलतान बाजबहादूर याने तिच्यासाठी हे बांधलं अशी गोष्ट आहे. खरं तर मूळ बांधकाम त्याच्या आधीचं, शत्रूवर नजर ठेवायची चौकी होती ती. गोष्टीत रोमान्स आहे आणि १५६१ च्या मोगल स्वारीनंतरचा शोक पण आहे, मला ती आवडते. पण मंडपाच्या खालच्या भागात जा ना एकदा! तिथे पावसाचं पाणी साठवायची टाकी आहे, गच्चीवर पडलेलं पाणी खाली उतरवून कमानींच्या अंधारात ठेवलेलं. ज्या बाईला लांबची नदी बघायला मिळावी म्हणून सगळी गोष्ट रचली गेली, तिच्या पायाखाली पिण्याचं पाणी वेगळं साठवलेलं होतं, कारण ती दिसणारी नदी काही वर येणार नव्हती. तिथे फोटो काढणं अवघड आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते, मी कॅमेरा दगडावर ठेवला, खाली जॅकेटची घडी, दहा सेकंदांचा टायमर, श्वास रोखून. वरच्या सूर्यास्ताच्या गर्दीतून कोणी खाली आलं नाही.

थोडं खाली रेवा कुंड आहे, रेवा म्हणजे नर्मदाच, आणि बाजबहादुराच्या महालाच्या बाजूला त्या कुंडातून पाणी उचलून नेण्याची व्यवस्था होती त्याचे अवशेष आहेत. नर्मदा परिक्रमेतली माणसं आजही या कुंडाशी येतात. पांढरे कपडे, हातात दंड, पायांना भेगा. एका काकूंना मी विचारलं होतं फोटो काढू का, त्या म्हणाल्या, “आधी पाया पड मैयाच्या, मग काढ.” पाया पडले, मग काढला. कड्यावरच्या त्या कुंडाला खालच्या नदीचं रूप मानायचं, हे मला पुस्तकी भूगोलाच्या पलीकडचं आणि तरी अगदी बरोबर वाटतं, कारण पाण्याची ओढ तशीच असते.

आता हे सगळं फक्त मांडवचं आहे असं समजू नका, आपलं इंदूर पण याच कड्याच्या हिशेबावर चाललंय. माझ्या आत्याच्या आठवणीत जुन्या इंदूरची रात्र म्हणजे नळाला पाणी कधी येईल त्याची वाट बघणं, हंडे रांगेत लावून ठेवलेले. १९७० मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून शहर रस्त्यावर उतरलं होतं, आत्या तेव्हा कॉलेजात, ती पण गेली होती. १९७८ मध्ये नर्मदा आली. मंडलेश्वरजवळ जलूदला उचलायची, पंपांवर पंप लावून कडा चढवायची, वांचू पॉइंटपर्यंत, आणि पुढे उताराने शहरात. सत्तरेक किलोमीटरचं अंतर आणि चारशे मीटरपेक्षा जास्त चढ. वांचू पॉइंटला लोक दरीचे फोटो काढायला जातात, मी पण जाते, आणि बाबा तिथे कधी पण आले की दरीकडे पाठ करून पाइपलाइनकडे बघत उभे राहतात. त्यांची अर्धी नोकरी त्या चढावर गेली.

आणि एक गोष्ट, जी कळल्यापासून मी आमच्या खान नदीचा फोटो वेगळ्या मनाने काढते. इंदूरवर जो पाऊस पडतो तो नर्मदेला मिळत नाही. पठार उत्तरेला उतरतं, म्हणून खान शिप्रेला, शिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, असं ते पाणी गंगेतून बंगालच्या उपसागरात जातं. महूच्या पुढे कड्यापलीकडे पडलेला थेंब मात्र नर्मदेतून अरबी समुद्रात. दोन समुद्रांमधली रेघ आपल्या रविवारच्या सहलीच्या रस्त्यावर आहे! जानापावच्या डोंगरावर, जिथे चंबळचा उगम मानतात, ८५० मीटरच्या वर, तिथे उभं राहून उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक असे दोन फोटो घ्या, एका बाजूला मऊ उताराची शेतं आणि दुसऱ्या बाजूला तुटलेले कडे, कॅप्शनची गरज नाही. आणि आपण काय केलंय, दक्षिणेचं पाणी उचलून उत्तरेच्या उतारावर आणलंय. आपण प्यालेली नर्मदा खानमधून शिप्रेत आणि पुढे गंगेकडे चाललीय. २०१४ मध्ये तर नर्मदेचं पाणी थेट शिप्रेच्या उगमापाशी आणून सोडलं. लाखो वर्षांत जे पाणी एकमेकांना भेटलं नसतं ते आपण भेटवलं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचं, म्हणजे होळकरांच्या स्मारकांचं, खानमध्ये पडलेलं प्रतिबिंब टिपताना हे सगळं माझ्या डोक्यात असतं. पॅट्रिक गेडीज नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकरांच्या बोलावण्यावरून आला होता आणि १९१८ मध्ये त्याने इंदूरचा मोठा अहवाल लिहिला, त्यात नद्या आणि त्यांचे काठ शहराच्या मध्यभागी धरले होते. आपण ते ऐकलं असतं तर आज छत्र्यांसमोर वेगळा फोटो आला असता.

फोटोग्राफीचा विषय निघालाच आहे तर जुन्या काळातले फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण त्यांची सुरुवात आपल्या इंदूरची. रुडकीला शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला पी.डब्ल्यू.डी. मध्ये नोकरीला आले, ड्राफ्ट्समन आणि एस्टिमेटर म्हणून, आणि इथेच १८७४ च्या सुमाराला कॅमेरा हातात घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आधार दिला. पुढे लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मध्य भारत फिरून त्यांनी वास्तूंचे फोटो घेतले, ते १८८६ मध्ये पुस्तकातून आले, आणि दीनदयाळ स्वतः हैदराबादच्या निजामाकडे गेले. त्यांचे फोटो बघताना मला सारखं जाणवतं की हा माणूस आधी नकाशे काढणारा होता. जमीन कुठे आहे, पाया कुठे आहे, उतार कुठे आहे, हे तो कधी विसरत नाही. इमारत कधी हवेत तरंगत नाही त्यांच्या फोटोत. आणि विचार करा, काचेच्या प्लेटा, त्या धुवायला पाणी, ते पण स्वच्छ, नाहीतर प्लेटवर डाग. बैलगाडीतून कॅमेरा, तंबू, रसायनं घेऊन एखाद्या ओसाड किल्ल्यावर पोचलेल्या फोटोग्राफरला पहिला प्रश्न बाबांचाच पडत असणार, इथे पाणी कुठे आहे? आपल्याला आज बॅटरी आणि मेमरी कार्ड लागतं फक्त, त्यामुळे पाणी न शोधता फोटो काढून परत येता येतं.

मांडवच्या गोरखचिंचेचं पण एक सांगते. बाओबाब म्हणतात ते झाड, आफ्रिकेतलं, कोणत्या काळी कोणाबरोबर तिथून आलं आणि इथे रुजलं, गावात मांडूची इमली म्हणून विकतात त्याची फळं. ते झाड बुंध्यात पाणी साठवून ठेवतं. वर्षाचा मोठा भाग पान नाही अंगावर, आणि पाऊस आला की पालवी. मे मध्ये त्याची साल बघा हात लावून, गुळगुळीत, करडी, उन्हात किंचित चमकणारी, आणि अजिबात सुकलेली वाटत नाही. मांडवमध्ये तग धरायची रीत त्या परदेशी झाडाला इथल्या माणसांइतकीच कळलेली आहे. पावसाळ्यात ते इतर हिरव्यात मिसळून जातं, त्याचा फोटो पण उन्हाळ्यातच, कोरं आकाश मागे ठेवून.

मग जायचं कसं ते सांगते. मे मध्ये रात्री मांडवलाच राहा, पहाटे उठा, नऊच्या आत बाहेरचं काम संपवा, कारण नंतर दगड तापतो आणि उजेड पण सपाट होतो. सकाळी कपूर तलावाच्या बाजूने उभे राहा, ऊन पूर्वेकडून महालावर सरळ येतं. संध्याकाळी मुंज तलावाच्या बाजूने. दुपारी चंपा बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरा, खाली खोल्या आहेत, पाण्याच्या लेव्हलजवळ, उन्हाळ्यात बसायला म्हणूनच केलेल्या, वर चाळीसच्या पुढे पारा असताना खाली आल्यावर खांदे सैल पडतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवा, घाबरू नका, थोडा ग्रेन आला तर येऊ दे. जिथे उभे राहिलात ती जागा लक्षात ठेवा, एखादा फुटका दगड, पायरीचा कोपरा, काहीतरी खूण, आणि ऑगस्टमध्ये त्याच जागेवरून त्याच लेन्सने परत काढा. मी हे दरवर्षी करते आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवते. एकट्या फोटोपेक्षा त्या जोडीतून मला जास्त मिळतं, कारण मधला सगळा पाऊस त्यात मोजता येतो.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. इंदूरच्या, देवासच्या, धारच्या आपल्या मराठी घरांमध्ये मांडवच्या सहलीचे जुने फोटो असतातच, साठ-सत्तरच्या दशकातले, काळ्या कोऱ्या पानांच्या आल्बममध्ये कोपरे लावून चिकटवलेले, आजी नऊवारीत, काका गॉगल लावून, मुलं रांगेत, आणि मागे जहाज महाल. ते काढा एकदा. माणसांच्या खांद्यांवरून मागे बघा, तलावाचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आहे. बऱ्याच फोटोंच्या मागे शाईने तारीख लिहिलेली असते, नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा कोणता महिना होता, परीक्षा झाल्यावर गेलो होतो की राखीच्या सुट्टीत, त्यांना आठवतं. आमच्या घरातले मला मिळाले तेवढे मी स्कॅन करून महिन्याप्रमाणे लावलेत. बाबांनी पायऱ्या मोजून त्यावर पेन्सिलने लेव्हल टाकायला सुरुवात केलीय आणि त्यांना अजून फोटो हवे आहेत, विशेषतः एप्रिल-मे चे.